घोडेवाल्यांची शिबिरं चातुर्मासात घ्या: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

२०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, पण मुंबईतले घोडे काही संपले नाहीत. ते वरातीत दिसतात, जुहूच्या वाळूवर दिसतात. घोड्याचं दुखणं वेळेत कसं ओळखायचं, हे त्यांच्या मालकांना आणि मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांना, आपल्या खात्याने शिकवावं, यासाठी हे पत्र. मी खासगी पशुवैद्य आहे. लग्नसराईत मला रात्री-अपरात्री फोन येतात ते बहुतेक पोटशुळाचे.

घोडी वरातीत तासन् तास बँडच्या आवाजात उभी असते. पाणी दिलेलं नसतं, कारण नवरदेव पाठीवर असताना ती मुतली तर शोभा व्हायची! तबेल्यात परतल्यावर मात्र मायेपोटी घमेलंभर हरभरा पुढ्यात. मध्यरात्रीनंतर ती मान वळवून कुशीकडे बघू लागते, पुढच्या पायाने जमीन उकरते, बसते, उठते, लोळते. लीद पडलेली नसते. घोड्याला ओकता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. मग कोणीतरी बाटलीने मोहरीचं तेल घशात ओततं, आणि ते फुप्फुसात उतरलं की न्यूमोनियाची भर. मी पोचते तेव्हा हिरड्या विटकरी झालेल्या असतात, म्हणजे दुखणं फार पुढे गेलेलं असतं.

चंदी, म्हणजे दाणा, काढून घ्या, तोंडावाटे काही देऊ नका, डॉक्टरला लगेच बोलवा, एवढं कळलं तरी जनावर वाचण्याची आशा वाढते. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजणं कुठल्याही मोतद्दाराला जमेल. शिकवणारं कोणी भेटलं पाहिजे.

शिकवणारे आहेतच. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांचे जाणकार डॉक्टर आहेत. पण सभागृहात सकाळी अकराला व्याख्यान ठेवलंत तर समोर विद्यार्थीच बसतील. शिबिर तबेल्यात घ्या, दुपारी. आणि आषाढी ते कार्तिकी या काळात घ्या, तेव्हा वराती थंडावलेल्या असतात. खुरं सडण्याचे आणि माश्यांनी सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरवण्याचेही तेच दिवस. नालबंदांना विसरू नका; घोड्याचे पाय आमच्यापेक्षा जास्त वेळा तेच हातात घेतात.

ऑनलाइन वर्गही हवेत, पण तासाभराचं भाषण नको. व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचे व्हिडिओ, मराठीत आणि हिंदीत, आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरांना थेट प्रश्न विचारायची सोय. लंगडणाऱ्या घोड्याचा व्हिडिओ मालक स्वतःच पाठवेल.

खरी अडचण वेगळीच आहे. सरकारी माणूस तबेल्यात आला की घोडेवाल्याला दंड आठवतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचं तर विचारूच नका. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी. माणसालाही होतो, लस नाही, आणि लागण पक्की झाली की कायद्याने घोडा मारावा लागतो. ज्याचं घर त्या एका जनावरावर चालतं, तो लपवणारच. म्हणून शिबिरात आधी भरपाईची तरतूद सांगा, अर्ज कुठे आणि कसा करायचा ते सांगा. रोगाची लक्षणं त्यानंतर. प्राणिप्रेमी संस्थांचा घोड्यांबद्दलचा राग मला समजतो, बऱ्याचदा पटतोही; पण त्या रागापायी मालक दार लावून बसला तर हाल घोड्याचेच होतात.

तेव्हा शिबिराच्या दिवशी कोणाकडेही परवाना मागितला जाणार नाही, असा लेखी आदेश आपण काढावा. परवाने तपासायला वर्षाचे बाकीचे दिवस आहेत. जो येईल त्याला एक थर्मामीटर आणि जवळच्या पशुवैद्याचा नंबर द्यावा. खर्च किरकोळ आहे, आणि येत्या आषाढीपासून सुरुवात करता येईल.

आपली,
मुंबईतील एक पशुवैद्य