सॉफ्टवेअर पेटंट : नवे यंत्र नको, मोजमाप दाखवा

संपादक महोदय,

सॉफ्टवेअरला पेटंट द्यावे की नको, एवढ्यावरच वाद घालून हाती काही लागत नाही. गणिती पद्धत, व्यवसाय-पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता संगणक प्रोग्राम यांना आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) नकार देतेच. खरा पेच पुढे आहे : अर्जात त्यापलीकडे काही आहे का, हे तपासायचे कसे?

अमेरिकेतला १९८१ चा डायमंड विरुद्ध डीर हा खटला इथे उपयोगी पडतो. कच्चे रबर प्रेस नावाच्या दाबयंत्रातल्या तापलेल्या साच्यात दाबून पक्के करतात. माल भरायला प्रेस किती वेळ उघडी राहिली, त्यावर साच्याचे तापमान घसरते. आतले तापमान नेमके कळत नसल्याने प्रेस कधी उघडायची हे अंदाजाने ठरे. वेळ कमी पडला की माल कच्चा, जास्त झाला की बिघडलेला. अर्जदारांनी साच्यातले तापमान सतत मोजले, संगणकाने अऱ्हेनियसच्या समीकरणावरून (तापमानानुसार रासायनिक क्रियेचा वेग सांगणारे सूत्र) वेळ पुन्हापुन्हा काढला आणि तो भरताच प्रेस उघडण्याचा इशारा दिला. समीकरण जुने, संगणकही जुना. पण रबर नीट पक्के होऊ लागले. न्यायालयाने ही प्रक्रिया पेटंटयोग्य ठरवली, तीही ५ विरुद्ध ४ मतांनी.

याउलट १९९९ चे ॲमेझॉनचे ‘वन-क्लिक’ पेटंट. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि पैशांचा तपशील आधीच साठवून एका क्लिकवर मागणी नोंदवायची. ओळखीच्या गिऱ्हाइकाचा माल किराणावाला वहीत मांडून घरपोच करतो, त्यापेक्षा यात तंत्र ते काय अधिक?

आपल्याकडे पेटंट कार्यालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रोग्रामसोबत नवे हार्डवेअरही मागितले. त्या निकषावर रबराचा अर्जही बाद झाला असता! २०१७ मध्ये ती अट गेली, हे बरे झाले. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम, म्हणजे प्रोग्राममुळे यंत्रात किंवा प्रक्रियेत होणारी प्रत्यक्ष सुधारणा, पाहण्यावर भर दिला.

मात्र हा परिणाम अर्जात नुसता लिहून चालता कामा नये. क्लेममध्ये (अर्जात ज्यावर हक्क सांगितला जातो त्या कलमांत) ‘प्रोसेसर’ आणि ‘मेमरी’ घालायची, आकृतीत ‘विश्लेषण मॉड्यूल’ नावाचा चौकोन काढायचा आणि ‘कार्यक्षमता वाढते’ म्हणून मोकळे व्हायचे, ही पळवाट आहे. चौकोनात कोणता डेटा कोणत्या रूपात जातो, पायऱ्यांचा क्रम काय, वेळ किंवा मेमरी नेमकी कोणत्या पायरीवर वाचते, हे लिहिलेले हवे. जोडीला त्याच यंत्रावर, त्याच डेटावर जुन्या आणि नव्या पद्धतीचे आकडे हवेत. संपूर्ण वर्णनाची सक्ती कलम १० मध्ये आहेच. पहिल्याच परीक्षण अहवालात ती काटेकोर लावली, तर नव्या कायद्याची गरज नाही.

‘सॉफ्टवेअरपुरती मुदत कमी करा’ हा सल्ला ऐकायला बरा, पण जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदा करारानुसार अर्जापासून किमान २० वर्षांचे संरक्षण द्यावेच लागते. ती किती लांब पडतात, हे जीआयएफ चित्रांच्या बाबतीत दिसले. १९८७ मध्ये आलेल्या या स्वरूपातल्या एलझेडडब्ल्यू या डेटा आटोपशीर करण्याच्या तंत्रावर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस परवाना शुल्काची मागणी पुढे आली, तेव्हा जीआयएफ सर्वत्र रुळले होते. त्यातूनच पर्याय म्हणून पीएनजी हे चित्रांचे नवे स्वरूप तयार झाले. मुदत हातात नाही, म्हणून क्लेमची व्याप्ती तरी आवरली पाहिजे.

सॉफ्टवेअर कंपन्यांनीही पेटंट कार्यालयाचे दर शुक्रवारचे जर्नल चाळावे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कलम २५(१) खाली कोणालाही विरोध नोंदवता येतो. पुरावा मात्र अर्जाच्या अग्रक्रम तारखेआधी (त्या शोधाचा पहिला अर्ज दाखल झाल्याच्या तारखेआधी) लोकांसमोर आलेला हवा : जुने मॅन्युअल, खुला कोड, प्रसिद्ध लेख. कंपनीच्या सर्व्हरवर बंद पडून राहिलेली फाइल, तारीख कितीही जुनी असली तरी, ‘हे आधीच प्रसिद्ध होते’ या मुद्द्यावर कामाची नाही.

– एक पेटंट एजंट, पुणे