गोळी दहाव्या दिवशी का सुटते?

महोदय,

१० ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला की महाविद्यालयांत 'मन मोकळं करा'ची पोस्टर लागतात. डिप्रेशन, अँक्झायटी हे शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळले, हे चांगलंच झालं. उपचारांबद्दलची समज मात्र फारशी पुढे सरकलेली नाही, आणि सुरू झालेले उपचार अर्धवट सुटतात ते त्यामुळेच.

एसिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसू लागायला २ ते ४ आठवडे लागतात, पुरता यायला ६ ते ८. मळमळ, डोकेदुखी, झोपमोड मात्र पहिल्याच आठवड्यात. त्रास आधी आणि गुण मागाहून, हे कोणी सांगितलेलंच नसेल तर मुलगा दहाव्या दिवशी गोळी सोडतो आणि 'मला औषध लागू पडत नाही' म्हणत फिरतो. दुसरी फसगत बरं वाटल्यावर होते. पहिल्या खेपेच्या नैराश्यातही बरं वाटू लागल्यानंतर निदान ६ ते ९ महिने औषध चालू ठेवावं लागतं. ते एकदम तोडलं की चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात झिणझिण्या येतात. त्यावरून लोक म्हणतात, 'सवय लागली'. खरी सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या चिंता कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांची. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडून मागून घेतल्या जातात त्या नेमक्या याच!

पंचविशीच्या आतल्या रुग्णांत औषधाच्या सुरुवातीला किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून त्या आठवड्यांत तपासणी चुकवू नये आणि रूममेटला किंवा घरी कुणाला तरी कल्पना द्यावी. सौम्य आजारात गोळीशिवाय, सीबीटीनंही (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनानंही) भागतं. पण सीबीटी म्हणजे आठवड्याला एक अशी साधारण १२ ते १६ सत्रं, मधल्या दिवसांतल्या गृहपाठासकट. एकदा जाऊन 'नुसतं बोलून काय होणार' म्हणण्यात अर्थ नाही.

कॉलेजला कळेल ही भीतीही मोठी. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे; जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. भूल न देता विजेच्या शॉकचा उपचार देण्यावर याच कायद्यानं बंदी आहे. सिनेमातला शॉक पाहून घाबरलेल्या पालकांनाही हे सांगायला हवं.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये बजावलं. नेमणूक कागदावर दाखवणं सोपं आहे. खोली प्राचार्यांच्या दालनाशेजारी आणि वेळ ११ ते १, म्हणजे ऐन तासांच्या वेळी, असेल तर तिकडे फिरकणार कोण? ती खोली ग्रंथालयाच्या बाजूला द्यावी, वेळ संध्याकाळची ठेवावी. प्रथम वर्षाच्या स्वागत कार्यक्रमात तासभर मनोविकारतज्ज्ञाला बोलावून वर लिहिलेलं एवढंच सांगू द्यावं. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापावा. तिथे मराठीतही बोलता येतं.

– मनोविकार विभागातील काही डॉक्टर व समुपदेशक, पुणे