जागा भरल्या, पण कोणी?

महोदय,

दहावीचा निकाल लागला की आयटीआय प्रवेशाच्या बातम्या येतात. जागा किती, अर्ज किती, इलेक्ट्रिशियनचं मेरिट कितीवर थांबलं, एवढं छापून विषय मिटतो. त्या जागांवर बसलं कोण, हे वाचायला मिळत नाही. फिटर ट्रेडला शिल्प निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारा, म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो, तेव्हा थोडं आतलं सांगतो.

जातीपातीच्या बाबतीत आयटीआयचं वर्कशॉप अनेक नामांकित कॉलेजांपेक्षा सरमिसळ असतं. राखीव जागा, कमी फी, आश्रमशाळांतून येणारी मुलं. वीसच्या तुकडीत अख्खा तालुका दिसतो. मुलींचं तसं नाही. त्यांच्यासाठी ३० टक्के जागा राखीव असतात, पण अर्जच आले नाहीत की त्या जागा मुलांकडे जातात आणि कागदावर तुकडी पूर्ण भरते. मुलींची गर्दी कोपा (संगणकाचा ट्रेड), ड्रेस मेकिंग, कॉस्मेटॉलॉजीला. टर्नर-मशिनिस्टला एखाददुसरी.

‘मुलींनाच नको असतं हो,’ हे मी स्टाफरूममध्ये उदंड ऐकलं. फिटरचे सुरुवातीचे दिवस कानस मारण्यात, म्हणजे लोखंड घासून सपाट करण्यात जातात. व्हाइसचा (लोखंड पकडायच्या शेगड्याचा) जबडा कोपराच्या उंचीला हवा, हे आम्हीच फळ्यावर लिहून देतो. बेंच मात्र उंच मुलांच्या मापाचे. पाच फुटांची मुलगी खांदे उचलून कानस चालवते, हात डोलतो, कड गोल होते, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला की खालून उजेड दिसतो. मग शेरा ठरलेला: हिला जमत नाही. पायाखाली जाड फळी टाकली की तिचाच जॉब गुण्यात बसतो. फळीला बजेट लागत नाही. (स्वच्छतागृहाला लागतं, आणि तिथे कडी आतून लागली तरी पुष्कळ!)

कारखान्यात बायकांना रात्रपाळी चालत नाही, ही सबबही जुनी झाली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर ती खुली केली. पुण्यात टाटा मोटर्समध्ये गाड्यांच्या जुळणीची एक लाईन महिलाच चालवतात.

वयाची गोष्ट याहून चमत्कारिक. आयटीआयला किमान वय १४. कमाल वयाची अट नाही. म्हणजे पस्तिशीची, घर एकटीने ओढणारी बाई वायरमन शिकू शकते, आणि अशा बायका येतातही. पोरं आधी ‘काकी’ म्हणून हसतात, पुढे जर्नल त्यांचंच उतरवतात. अडचण सर्टिफिकेट हातात पडल्यावर सुरू होते. अप्रेंटिस, म्हणजे कारखान्यातल्या उमेदवारीच्या, कायद्यातही वरची वयोमर्यादा नाही, पण भरती काढणारे ती लावतात. रेल्वेच्या अप्रेंटिस जाहिराती पाहा: १५ ते २४, राखीव प्रवर्गांना थोडी सूट. सरकारच एका दाराने आत घेतं आणि दुसऱ्या दाराशी जन्मतारीख विचारतं.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यंदा प्रवेशफेऱ्या संपल्या की प्रत्येक जिल्ह्यातून तीन आकडे मागवा: ट्रेडनिहाय मुली किती, त्यांच्या राखीव जागांपैकी मुलांकडे किती गेल्या आणि पंचविशीच्या पुढचे प्रशिक्षणार्थी किती. प्रवेश ऑनलाइन होतात, त्यामुळे ही माहिती प्रशिक्षण खात्याकडे असतेच. मेरिटच्या शेजारी हे तीन आकडे छापा.

– एक निवृत्त शिल्प निदेशक, सिन्नर (जि. नाशिक)