बाबा, डब्याला हात लावा

पुणे,
२० एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतोय, मग पत्र कशाला, असं आईला वाटेल. पण फोनवर सांगायला घेतलं की मध्येच तुमची नात ओवी येते, नाहीतर कुकरची शिट्टी होते, आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईच्या हातात देतात. शिवाय हे सगळं लागणार आहे ते नेट बंद असतानाच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर ऐनवेळी उघडलंच नसतं. कागद घरात राहील.

गेल्या सोमवारी बाबांचा फोन आला, "नेट चालंना झालंय गं. मी काय हात लावलो नाही हं." हे दुसरं वाक्य माझ्या मनातून जाईना. बाबा, तुम्ही तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग सांभाळणारे, होता. बारा माग एकदम चालू असायचे आणि त्यातल्या कुठल्या मागाचा धोटा नीट बसत नाहीये ते तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगायचात. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन यायचे तेव्हा पाहिलंय मी ते. तेच तुम्ही आता नेटच्या वीतभर प्लास्टिकच्या डब्याला, त्या राउटरला, हात लावला नाही, असं मला पटवून देत होता. ती भीती मी घातली तुम्हाला. जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची यात्रा असते त्या दिवसांत नेट गेलं तेव्हा तुम्ही डब्यामागच्या बारीक भोकात सुई घातली आणि चार दिवस घर नेटशिवाय राहिलं. मी इथून ओरडले, "कशाला हात लावला? आता काही म्हणजे काही करू नका." तेव्हापासून नेट गेलं की तुम्ही दोघं शेजारच्या पोराची वाट बघत बसता. तो कॉलेजातून येणार, मग जेवणार, मग आपल्याकडे. परवा दोन दिवस असेच गेले. काम पाच मिनिटांचं होतं. मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं.

तर आता नीट सांगते.

त्या डब्याच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नावं सारखी वाटतात म्हणून घोळ होतो. एक रिस्टार्ट, म्हणजे बंद करून चालू करणं. दुसरी रिसेट. बाबा, तुमच्या भाषेत सांगायचं तर रिस्टार्ट म्हणजे माग थांबवायचा, तुटलेली सुताची तार जोडायची, माग पुन्हा सुरू करायचा. चादर तिथूनच पुढे विणली जाते. रिसेट म्हणजे जॅकार्डवरचे, नक्षी ठरवणारे सगळे पत्ते काढून टाकायचे आणि ताणाही उतरवायचा. माग शाबूत, पण त्याला कुठली नक्षी विणायची ते आता ठाऊकच नाही. जानेवारीत तेच झालं. भोकात सुई घालून साधारण १० सेकंद दाबून धरली की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. आपल्या वायफायचं नाव जातं, पासवर्ड जातो, आणि नेटवाल्या पोरानं पहिल्या दिवशी त्यात भरलेलं आपल्या जोडणीचं नाव आणि त्याचा पासवर्डही जातो. ते पुन्हा भरेपर्यंत डब्यातले दिवे लागतात पण नेट येत नाही. यात्रेच्या गर्दीत तो पोरगा चौथ्या दिवशी आला, म्हणून चार दिवस गेले. तुम्ही काही मोडलं नव्हतं.

म्हणून त्या भोकाला कुणी हात लावायचा नाही, शेजारच्या पोरानंही नाही. मात्र बंद करून चालू करणं तुम्ही हवं तेव्हा करा, दिवसातून चार वेळा करावं लागलं तरी करा. त्यानं नाव, पासवर्ड काही पुसलं जात नाही.

करायचं असं. कपाटाशेजारच्या बोर्डावरचं बटण बंद करायचं. नुसतं खाली-वर खटखट करायचं नाही. बंद केल्यावर मनात सावकाश तीसपर्यंत मोजायचं, आईचा एखादा श्लोक म्हणून झाला तरी चालेल. वीज काढली तरी डब्यातल्या भागांत थोडी वीज काही क्षण साठून असते. लगेच बटण लावलं तर अडकलेलं तसंच अडकून राहू शकतं. तीस झाले की बटण लावायचं आणि मग डब्याकडे बघतच बसायचं नाही. त्याला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात, कधी पाचही. दिवे लुकलुकतील, एखादा विझेल, पुन्हा लागेल. त्या वेळात "अजून येईना" म्हणून पुन्हा बंद केलं की त्याची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. आईनं तेवढ्यात चहा टाकावा.

यानं नेट का येतं, हेही सांगते, कारण कारण कळल्याशिवाय बाबांना चैन पडत नाही. तो डबा म्हणजे लहानसा कॉम्प्युटरच आहे. घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, त्यावर उघडलेली प्रत्येक गोष्ट, कुणाचं काय कुठे पाठवायचं, याची एक वही तो सतत लिहीत असतो. त्याची आठवण लहान. आठवडेच्या आठवडे चालू राहिला की वही भरत जाते, एखाद्या ठिकाणी गाडं अडतं. लाइट जाऊन-येऊन झाली तरी असंच होतं, डबा अर्धवट जागा राहतो आणि नेटवाल्याच्या यंत्राशी त्याचं जे बोलणं चालू असतं ते तुटतं. दिवे मात्र लागलेले दिसतात. बंद करून चालू केलं की वही कोरी होते आणि तो नव्यानं जोडणी मागतो. बस, एवढंच.

पण प्रत्येक वेळी बंद-चालूनं भागणार नाही, आणि ते ओळखायची खूण समोरच आहे. दिव्यांच्या ओळीत एकाखाली 'लॉस' लिहिलंय, एल, ओ, एस. तो एरवी विझलेला असतो. तो लाल लागला किंवा लाल लुकलुकू लागला तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. मग दहा वेळा बंद-चालू केलंत तरी फरक नाही. आधी बाहेरून डब्यात येणारी ती पिवळी वायर बघा, कपाट सरकवताना मुडपली नाही ना, कुणाच्या पायात आली नाही ना. ती ठीक असेल तर रस्त्यावर कुठेतरी तुटलंय. सरळ नेटवाल्याला फोन करा आणि "लॉसचा लाल दिवा लागलाय" एवढंच म्हणा. तो पुढचं विचारणार नाही.

बाबा, ही पिवळी वायर तुम्हाला बघून आवडली असती. तिच्या आत तांबं नाही, काचेचा धागा आहे. काचेची जाडी १२५ मायक्रॉन, साधारण केसाएवढी, आणि ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा. तुम्ही आयुष्यभर कापसाचं सूत हाताळलंत, त्या कापसाच्या एका तंतूपेक्षाही तो बारीक. त्यातून ओवीचा चेहरा तुमच्या घरी येतो. म्हणून ती दोऱ्यासारखी गुंडाळून खिळ्याला बांधायची नाही. मोठा, सैल वळसा चालतो. घडी पडली की प्रकाश वाटेतच सांडतो. आणि तिचं टोक कधी निघालं तर त्यात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण असतो.

आता आई, हे तुझ्यासाठी. तू डब्यावर धूळ बसते म्हणून तो निळा टॉवेल घालतेस ना, कडेला पांढरे चौकडे असलेला, तो काढ. मागच्या वेळी आले तेव्हा मी टॉवेल उचलून डब्यावर तळवा ठेवला तर इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यासारखा गरम होता. घरगुती डबे बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, पत्र्याखालच्या त्या खोलीत दुपारी किती होत असेल ते तुलाच माहीत. त्यावर सोलापुरी टॉवेल म्हणजे त्याला उन्हात चादर पांघरून झोपवल्यासारखं. दुपारी तीन-चारला नेट रडतं आणि रात्री ठीक चालतं असं तूच म्हणाली होतीस, त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं. धूळ आठवड्यातून एकदा बंद करून कोरड्या फडक्यानं पुसली की पुरे.

आणि तो लोखंडी कपाटावरून खाली घ्या. लोखंडाला वायफायच्या लाटा आपटून परत फिरतात, पलीकडे जात नाहीत. म्हणून आईच्या देवघराशी फोनला नेट लागत नाही. मधल्या खोलीत, दाराच्या वरच्या लाकडी फळीवर ठेवला तर दोन्हीकडे पोचेल. पण वायर तिथपर्यंत न्यायला लागेल, ते नेटवाल्याकडूनच करून घ्या, तुम्ही ओढू नका. फोनमध्ये आपल्या घरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ते वेगवान आहे पण भिंती ओलांडताना दमतं. देवघरात आणि मागच्या पडवीत साधं नाव लावा, टीव्हीच्या खोलीत ५जी.

बंद-चालू करण्याआधी एक पाहायचं. फक्त बाबांचा फोन चालत नाहीये की टीव्हीही? टीव्हीवर आईचं कीर्तन चालू असेल तर डब्याचा दोष नाही, फोनचा आहे. फोनमधलं विमानाचं चित्र दाबा, दहा मोजा, पुन्हा दाबा. बहुतेकदा तेवढ्यानंच होतं. सगळे दिवे ठीक, बंद-चालूही केलं, तरी कुठेच काही उघडत नसेल तर मला मिस कॉल द्या, पॅकची मुदत संपली असेल. ते पैसे मी इथून भरते आणि एखाद्या महिन्यात विसरणं माझ्याकडूनही होतं.

एका गोष्टीची मात्र मला खरंच काळजी आहे. नेट बंद असताना कुणाचा फोन आला, "तुमचं कनेक्शन दुरुस्त करतो, हे अ‍ॅप घ्या" किंवा "आलेला आकडा सांगा", तर फोन ठेवा. गोड बोलला तरी ठेवा, मराठीत बोलला तरी ठेवा. बंद पडलेलं नेट सुरू करायला अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी सांगावा लागत नाही. चुकून काही सांगितलं गेलं आणि पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन करा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, आणि मग मला. मी ओरडणार नाही. शब्द देते.

ओवी रोज साडेआठला फोन हातात घेऊन बसते. परवा दोन दिवस आजोबा दिसले नाहीत तर तिनं मला विचारलं, "आजोबा रागावलेत का?" मी म्हटलं, डबा झोपलाय. तेव्हापासून ती रोज विचारते, डबा उठला का.

हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट मिळालं तर पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी निघते. शेंगाची चटणी करून ठेवू नकोस आई, मी आल्यावर दोघी मिळून कुटू. पण माझी वाट न बघता एक करा. हे पत्र मिळेल त्या दिवशी, नेट व्यवस्थित चालू असताना, बाबांनी स्वतःच्या हातानं डबा एकदा बंद करावा, तीस मोजावेत, चालू करावा. आईनं चहा ठेवावा. चहा होईपर्यंत दिवे स्थिर झाले की मला व्हिडिओ कॉल लावा. दिवसा लावलात तरी मी उचलेन.

तुमची लेक,
सुनीता

ता. क. : बाबा, डब्याचा अ‍ॅडाप्टर आणि टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडाप्टर दिसायला सारखे आहेत, पिनही बसते, पण व्होल्टेज वेगळं असू शकतं. अदलाबदल झाली तर डबा जळेल. लाल दोरा शिवणाच्या डब्यात आहे, डब्याच्या अ‍ॅडाप्टरला त्याची एक गाठ मारून ठेवा.