नानाकाकांच्या एक्मोबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

फोनवर बाबा नुसतं 'हं, हं' करतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. नानाकाकांना एक्मो (हृदय आणि फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणारं मशीन) लावलं असतं तर ते वाचले असते, आपण खर्च विचारला म्हणून राहून गेलं, हे बाबांच्या डोक्यातून जात नाही असं आई म्हणाली. बाबा, खर्च तुम्ही विचारलात. पण नको म्हणाले ती मी, आणि तेव्हा खर्चाचा आकडा मला माहीतही नव्हता.

काकांना बलून होता. जांघेतून महाधमनीत सरकवलेला लांबट फुगा. हृदय सैल पडलं की हेलियमने फुगतो, आकुंचन पावताना रिकामा होतो. मदत थोडीच. 2012 साली जर्मनीतल्या 600 रुग्णांच्या अभ्यासात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. तरी हाताशी असतो, त्यातल्या त्यात स्वस्त पडतो, म्हणून लावतात.

प्रशांतदादा ज्या इम्पेलाचं म्हणतोय, तो हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसणारा बारीक पंप. त्याने खरंच फरक पडतो: 2024च्या अभ्यासात अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकणाऱ्या रुग्णांपैकी पंप न लावलेले सहा महिन्यांत शंभरातले 58-59 दगावले, पंप लावलेल्यांतले 46. रक्तस्राव, डायलिसिस आणि पायाचे त्रास मात्र वाढले. शिवाय हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडून बेशुद्धच राहिलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. काका अंगणात कोसळले ते शुद्धीवर आलेच नाहीत.

आता एक्मो. हे मशीन रक्त बाहेर काढतं, ऑक्सिजन मिसळतं आणि मांडीच्या धमनीतून परत ढकलतं. ते रक्त हृदयाकडे उलटं चढत येतं, दमलेल्या डाव्या कप्प्याला त्याच्याविरुद्ध जोर लावावा लागतो, फुप्फुसांत पाणी साठू शकतं. अटॅकच्या शॉकमध्ये ते सरसकट लावून पाहिलं, 2023 साली निकाल आला: महिन्याभरात शंभरात एक्मोवाले 48 गेले, बिनएक्मोचे 49. विषाणूमुळे हृदयाला सूज आलेली तरुण मुलगी असेल, तर मी रात्री दोन वाजता एक्मोसाठी भांडेन, कारण ते हृदय काही दिवसांत सावरू शकतं. काकांना मशीनने आठ दिवस मिळवून दिले असते, पण त्या आठ दिवसांत सुधारणार काय होतं? मेंदू प्रतिसाद देत नव्हता, किडन्या बसल्या होत्या.

आणि पाय. एक्मोची नळी बलूनच्या नळीपेक्षा कितीतरी जाड. ती मांडीत असली की आम्ही तासातासाला घोट्याशी डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) टेकवतो आणि नाडीचा सूंऽ सूंऽ आवाज ऐकतो. डायबेटिसने काकांच्या पायातल्या रक्तवाहिन्या आधीच चोंदलेल्या. उजव्या पायात तो आवाज बलूनवरच ऐकू येईनासा झाला होता, हे तिथल्या सिस्टरनेच मला फोनवर सांगितलं. (त्या बाईंनी रात्रभर काकांजवळून हलायचं नाव घेतलं नाही. आई, जमलं तर त्यांना भेटून ये.)

'मोठं मशीन म्हणजे मोठा उपचार' असं शेजारीपाजारी म्हणणारच. त्यांना उत्तर देत बसू नका.

काकूंना हे वाचून दाखवा, आकडे वगळून. आणि बाबा, रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद केलीत असं कळलंय. ती आजच सुरू करा, रविवारी फोनवर मी पहिलं तेच विचारणार आहे.

तुमची,
मीनू