सिस्टर, तुम्ही प्रश्न विचारायला शिकवलंत

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही. एक तर तुम्हाला ते आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे तुमच्यावरून माझाही पत्ता लागेल. तरी पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही केलंत तसं काम आणखी कुठे कुणी करायला घेतलं तर त्यांच्या हाताशी हे असावं.

मी ट्रान्स पुरुष. जन्माच्या वेळी मुलगी अशी नोंद झाली. आता दाढी आहे, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) चालू आहे आणि गर्भाशय जागेवर आहे. डॉक्टरांना सुरुवातीला एवढं पुरतं. पण एवढं सांगून होईपर्यंतच बहुतेक ठिकाणी गाडी घसरते. एकदा कान दुखतो म्हणून एका दवाखान्यात गेलो. ऑपरेशन झालंय का, काय काय काढलं, घरच्यांना चालतं का, सगळं विचारून झालं; कानात बघायचं तेवढं राहिलं. (कान आपला आपण बरा झाला.) असं दोनदा-तीनदा झालं की माणूस दुखणं अंगावर काढायला शिकतो. डॉक्टरांकडे आमची माणसं उशिरा का येतात, असं विचारणाऱ्यांना मी हा कान सांगतो.

म्हणून आमच्यासारख्या पेशंटशी कसं वागायचं हे डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांना शिकवणाऱ्या प्रशिक्षणाला तुम्ही बोलावलंत तेव्हा मनात आलं, आता आपली कर्मकहाणी ऐकवायची, चारजण डोळे पुसणार, फोटो निघणार, आणि दुसऱ्या दिवशी ओपीडी पहिल्यासारखी. तुम्ही फोनवरच म्हणालात, ‘कहाणी नको. पेशंट म्हणून बसायचं. आजार मी देईन.’ पहिले आभार त्या वाक्याचे.

सुरुवातीचा इतिहास तुम्ही थोडक्यात उरकलात आणि कुणाला खजील केलं नाहीत. समोरच्या काहींनी शिकताना वाचलेल्या पुस्तकांत समलैंगिकता ही विकृती म्हणून छापलेली होती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती विकारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. ट्रान्स असणं मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर पडायला तर त्याच संघटनेची आजारांची अकरावी यादी, आयसीडी-११, यावी लागली. ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली. ‘बीपीच्या गोळ्या बदलल्या तशी ही माहितीही बदलली. जुनी लिहून देऊ नका,’ एवढं बोलून तुम्ही पुढे गेलात.

मग ते ज्येष्ठ डॉक्टर उठले. ‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो, वेगळं शिकायचं काय त्यात?’ असे एक गृहस्थ प्रत्येक प्रशिक्षणात असतात, आणि खरं सांगतो, मनाने ते वाईट नसतात. तुम्ही आवाज न चढवता विचारलंत, ‘सर, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सुचवता ना? दाढीवाल्या पेशंटला कधी सुचवलीत? बाईबरोबर राहणाऱ्या बाईला?’ मग तुम्ही एकेक गोष्ट मांडलीत. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू, बायकांमध्येही एकमेकींकडून पसरतो, म्हणून लेस्बियन स्त्रीला ‘तुम्हाला गरज नाही’ म्हणणं चूक. योनी घडवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स स्त्रीची प्रोस्टेट ग्रंथी सहसा तशीच ठेवलेली असते, आणि इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे पीएसएचा (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा) आकडा खाली येतो, म्हणून नेहमीच्या मर्यादेत दिसला तरी निर्धास्त राहू नये. टेस्टोस्टेरॉनवर हिमोग्लोबिन वाढतं. ते बायकांच्या तक्त्याशी ताडलं तर नसलेला आजार दिसतो. आणि पाळी थांबली तरी टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, तेव्हा एक्स-रेआधीचा गरोदरपणाचा प्रश्न दाढी बघून गाळायचा नाही. डॉक्टरांनी वही काढली. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त धीर त्या वहीने दिला.

दुपारी मी पेशंटच्या खुर्चीत बसलो. लघवीला जळजळ, असा आजार तुम्ही दिला होतात. तरुण डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘लग्न झालंय का?’ तुम्ही थांबवलंत. ‘यातून तुम्हाला नक्की काय काढायचंय?’ त्या अडखळल्या. ‘लैंगिक संबंध आहेत का, ते.’ ‘मग तेच विचारा. आणि का विचारताय ते आधी सांगा.’ पुन्हा सुरुवात. पुन्हा अडल्या. तिसऱ्या खेपेला मात्र नीट आलं: ‘जळजळ कशामुळे होतेय ते ठरवायला काही खाजगी विचारावं लागेल, सगळ्यांनाच विचारते. अलीकडे कुणाशी शरीरसंबंध आला का? जोडीदार कोण, पुरुष, स्त्री की आणखी कुणी? सांगायचं नसेल तर तसं म्हणा.’ नाटकातला पेशंट असूनही माझे खांदे सैल झाले. मग तुम्ही त्यांच्याकडूनच वदवून घेतलंत की स्वतःला गे म्हणवून न घेणारे कितीतरी पुरुष पुरुषांशी संबंध ठेवतात, त्यामुळे ‘तुम्ही गे आहात का’ या प्रश्नाला नाही हे उत्तर आलं तरी कोणत्या तपासण्या करायच्या ते ठरत नाही.

रिसेप्शनवरच्या दादांना तुम्ही दोनच गोष्टी दिल्यात. बाहेर नाव पुकारताना पेशंटने सांगितलेलंच नाव घ्यायचं, आणि कागदावर वेगळं असेल तर ते हळू आवाजात, टेबलाशी बोलावून ताडायचं. आणि चुकून ‘आली’ म्हणालात तर ‘आला’ म्हणून पुढे जायचं. पाच मिनिटं माफी मागत बसलं की पेशंटलाच त्यांची समजूत काढावी लागते, हे तुम्ही म्हणालात तेव्हा मी मोठ्याने हसलो. कितीतरी जणांची समजूत काढलीये मी.

एक मात्र सांगतो: दारावरचं सप्तरंगी स्टिकर तुम्ही शेवटी लावलंत हे फार बरं केलंत. काही ठिकाणी आधी स्टिकर लागतं आणि आत जुनाच कारभार असतो. तसल्या दारापेक्षा कोरं दार परवडलं, निदान माणूस सावध राहून आत जातो.

पुढे मी खरोखरीचा पेशंट म्हणून आलो. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, वर्षानुवर्षं टाळलेली. त्याच तरुण डॉक्टरबाई होत्या. काय करणार ते त्यांनी कपडे उतरवायच्या आधी सांगितलं. सगळ्यात लहान स्पेक्युलम (आत बघायचं साधन) घेतला, हवा तर स्वतः आत सरकवा म्हणाल्या, हात वर केला की थांबेन म्हणाल्या, आणि केला तेव्हा थांबल्या. ‘त्या भागाला’ काय म्हणू, हेही विचारलं. टेस्टोस्टेरॉनमुळे तिथलं आवरण पातळ आणि कोरडं होतं, नमुना अपुरा ठरू शकतो, म्हणून लॅबच्या फॉर्मवर त्यांनी स्वतः लिहिलं: टेस्टोस्टेरॉन चालू, पाळी बंद, गर्भाशयमुख आहे. नमुना अपुराच निघाला. तेव्हा त्यांनी एचपीव्ही डीएनए तपासणी सुचवली; तिचा नमुना स्वतः घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून तिलाच पहिली पसंती दिली आहे. पडद्यामागे एकट्याने काडी फिरवून मी नमुना दिला. रिपोर्ट निगेटिव्ह आला. हे सगळं प्रेमाने झालं यात शंका नाही, पण मला उपयोगी पडलं ते त्यांना काम येत होतं हे. ते तुम्ही शिकवलंत.

आता आभारपत्रात शोभत नाही ते: तुमच्या बॅचमध्ये लॅबची माणसं नव्हती. ‘पुरुषाचा गर्भाशयमुखाचा नमुना कसा?’ म्हणून तिथून फोन आला, आणि डॉक्टरबाईंना समजावत बसावं लागलं. कॉम्प्युटरमध्ये अजून स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने आहेत. जन्माच्या वेळची नोंद आणि आजची ओळख असे दोन प्रश्न वेगळे ठेवले तर हा गोंधळ होणार नाही. रात्रपाळीच्या मावशींनाही कुणी काही सांगितलेलं नाही, आणि रात्री दाखल होणाऱ्याला कुठल्या वॉर्डात न्यायचं हे ठरेपर्यंत तो त्यांच्यासमोरच ताटकळत असतो. शिकलेली माणसं बदलून जातात, तेव्हा एकदाच प्रशिक्षण घेऊन भागणार नाही हे तुम्हाला मी काय सांगावं.

पुढची बॅच ठरली की कळवा. खुर्चीत बसायला मी येतोच. या वेळी आजार कानाचा द्या.

आपला कृतज्ञ,
तुमचा दुपारच्या सत्रातला पेशंट