बापू, पायाचं माप घेतलंत त्याबद्दल

ती. स्व. बापू यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर न वाचताच खिशात घातलं असतंत आणि "चहा घ्या ताई" म्हणत विषय बदलला असतात. आभाराचं नाव काढलं की तुम्ही पाना उचलता, हे धुळ्याच्या देवपुरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. धुळे-जळगाव-नंदुरबारकडे चाळिशीत सायकल धरणारे माझ्यासारखे आता पुष्कळ दिसतात. त्यांच्या वाट्याला बापू येतीलच असं नाही, निदान बापूंचं सांगणं तरी यावं.

मागच्या दिवाळीनंतर मी पुतण्याची जुनी रोड बाईक चालवायला लागले. दीड महिन्यात उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. उत्तरपत्रिका तपासताना लाल पेन मध्येच सुटायचं. मान आखडायची. वय झालं, आता हे असंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याच आठवड्यात एका दुकानात नव्या सायकलसाठी दोन हजार रुपये आगाऊ देऊन आले होते. लाल रंगाची, सुरेख, ५४ सेंटिमीटर मापाच्या फ्रेमची. "एवढी एकच उरली आहे मॅडम, सीट खाली केली की बसते," असं तिथे सांगितलं आणि मला ते पटलं होतं.

पांझरेच्या पुलाजवळ तुम्ही मागून आलात, थोडा वेळ बरोबरीने चालवलीत आणि विचारलंत, "ताई, हात एवढे ताठ का? सायकल कोणाची?" ओळख नाही, पाळख नाही. मी घाईघाईत सगळं सांगितलं, नवी घेते आहे तेही सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "संध्याकाळी या. येताना एक जाड पुठ्ठ्याची वही आणा."

ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी आहे. तुमच्या ओसरीच्या भिंतीला पाठ लावून मी अनवाणी उभी, दोन पायांत वीतभर अंतर, वहीचा कणा वर, सीटवर बसल्यासारखा घट्ट दाबून. काकूंनी वहीच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची रेघ ओढली, तुम्ही जमिनीपासून टेप लावलीत. ७३ सेंटिमीटर. चुना लावलेल्या त्या भिंतीवर आधीच्या दहा-बारा रेघा होत्या, प्रत्येकीशेजारी आकडा. तुम्ही ७३ ला ०.६७ ने गुणायला सांगितलंत. उत्तर, म्हणजे माझ्या फ्रेमचं माप, आलं ४९च्या आत-बाहेर. "आणि तुम्ही ५४ घेणार होतात. सीट खाली जाईल हो, पण हँडल जवळ येईल का?"

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. सीट वर-खाली होते, फ्रेमची लांबी होत नाही. लांब फ्रेमवर माणूस हँडलपर्यंत पोचायला पुढे ओणवा होतो, कोपरं ताठ करतो, सगळा भार तळहाताच्या बाहेरच्या बाजूला येतो आणि तिथून जाणारी शीर दबते. करंगळी बधिर व्हायचं कारण ते होतं. वयाचा दोष नव्हता. हे मला डॉक्टरांच्या आधी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या फिटरने सांगितलं. रंग फार आवडलाय, असं मी तरीही म्हणून पाहिलं. तुम्ही हसून अहिराणीत म्हणालात, "डोयाले नही, पायले ईचार." डोळ्याला नाही, पायाला विचार. आगाऊ दिलेले दोन हजार परत मिळाले नाहीत. त्याची हळहळ मला आता वाटत नाही.

मग तुम्ही विचारलंत, चालवणार कुठे? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण तो कुणी विचारलाच नव्हता. दुकानात फक्त किती हजारांपर्यंत हवी एवढं विचारतात. मी म्हटलं, सोनगीरपर्यंत, कधी कुसुंब्याकडे, आणि एक दिवस लळिंगचा घाट सायकलवरून न उतरता चढायचा आहे. तुम्ही खडूने पुढच्या चकतीच्या एका दातावर खूण केलीत आणि पुतण्याच्या सायकलचे दात मला मोजायला लावलेत. पुढची लहान चकती ३९, मागची सगळ्यांत मोठी २५. म्हणजे पायाच्या एका फेरीत चाकाच्या दीड फेऱ्यांहून जास्त. "पुढे ३४ आणि मागे ३२ मिळाले तर पाय एकदा फिरला की चाक एकदा. घाटात ताकद नाही लागत ताई, दात लागतात." तोवर मी गिअर म्हणजे किती आहेत एवढंच मोजत होते. १६ की १८ की २१. कितीपेक्षा कोणते, हे त्या खडूच्या खुणेने शिकवलं.

वाऱ्याचंही तुम्हीच सांगितलंत. साक्रीकडे ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उगीच नाहीत उभ्या केल्या. कुसुंब्याच्या रस्त्याला समोरून वारा लागला की सपाट रस्तासुद्धा चढ होतो, तेव्हा खाली वाकून धरता येईल असं हँडल हवं, पण शर्यतीच्या सायकलइतकं खोल नको. टायर २३ मिलिमीटरचे नकोत, २८ बसले पाहिजेत. डिस्क ब्रेकचा माझा हट्ट होता. तुमचं म्हणणं पडलं की आमच्या पैशांत येणाऱ्या केबलच्या स्वस्त डिस्कपेक्षा चांगले रिम ब्रेक बरे, आपल्याकडे पाऊस असतो किती. कोकणातल्या माणसाला तुम्ही हेच सांगितलं नसतंत, याची मला खात्री आहे.

माझ्याकडे ४०,००० रुपये होते, सगळं धरून. नवीत मापाची, दातांची आणि टायरची अट एकदम जमेना, म्हणून जुनी शोधायचं ठरलं. जळगावची ती काळी कार्बनची सायकल आठवते? माप जवळपास, भाव ३४,०००, आणि मी मनातून हो म्हणून बसले होते. तुम्ही रुपयाच्या नाण्याने फ्रेमवर टिचक्या मारत गेलात. टक्, टक्, टक्, आणि हँडलखालच्या नळीवर एका जागी आवाज बसका, म्हणजे आत तडा असल्याची शंका. माझ्याही कानाला कळला. मग खिशातून १२ इंचाची स्टीलची पट्टी काढून चेनवर धरलीत. नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या बरोबर १२ इंचांत बसतात. इथे शेवटची खीळ पट्टीच्या रेघेपुढे इंचाच्या आठव्या भागाएवढी सरकली होती. इंचाचा सोळावा भाग वाढला तर चेन बदलायची, आठवा भाग वाढला तर मागचे दातही गेले असं धरायचं. तुम्ही मालकाला नाव ठेवलं नाहीत, पाणी मागितलंत, प्यायलात आणि निघालात. परतीच्या एसटीत मी गप्प होते. तुम्हीही समजूत घालत बसला नाहीत, पेरूची पिशवी पुढे केलीत.

नाशिकची सायकल मिळायला आणखी पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांबद्दल मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत. मी रोज फोन करून घाई करायचे आणि तुम्ही एकदाही "घेऊन टाका" म्हणाला नाहीत. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा, ४८चं माप, शिमानो सोराचा गिअर-संच, मागे नऊ गिअर, पुढे ५०-३४, मागे ११ ते ३२. तुम्ही पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवलीत, हँडलच्या बेअरिंगच्या कटोरीत खेळ नाही ना ते पाहिलंत. चाक फिरवून ब्रेकच्या रबराशी डोळा लावलात, थोडा आउट, म्हणजे चाकाची डगमग, होता, तो निघण्यासारखा होता. टायर आणि फोर्कच्या मधून ४ मिलिमीटरची ॲलन की फिरवलीत, म्हणजे २८चा टायर बसेल. सीटची नळी वर-खाली करून पाहिलीत, कारण जाम झालेली नळी म्हणजे फुकटची डोकेदुखी. सगळं झाल्यावर मला म्हणालात, "आता तुम्ही बसा. दोन किलोमीटर जाऊन या, मग बोला." परत आले तेव्हा माझी कोपरं सैल होती. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

२६,५०० ला ठरली. एसटीच्या डिकीत पुढचं चाक काढून, गिअरची बाजू वर ठेवून, आजेसासूबाईंच्या गोधडीत गुंडाळून तुम्ही ती अशी बांधलीत की धुळ्यापर्यंत ओरखडा नाही. उरलेल्या पैशांना मी हात लावू नये, ते सायकलचेच आहेत, असं तुम्ही आधीच बजावलं होतं. टायर-ट्यूब, चेन, केबल, हँडलची टेप, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप आणि गादीची चड्डी मिळून साडेबारा हजार गेले. ४०,००० ची सायकल घेतली असती तर मी हेल्मेट "पुढच्या पगारात" म्हटलं असतं, दिवा त्याच्या पुढच्या. पायडलला अडकणारे क्लीटचे बूट आत्ता नकोत, आधी साध्या पायडलवर सहा महिने, हे तुमचं म्हणणं मी अजून पाळते आहे.

आणि बाभळीचा काटा! आपल्याकडे बांधावरची कुंपणं छाटली की रस्त्याच्या कडेला काट्यांचा सडा पडतो. पहिल्या महिन्यात माझी चार पंक्चरं झाली, त्यातली दोन एकाच काट्याने. ट्यूब बदलली, काटा टायरमध्येच. तुम्ही कापसाचा बोळा दिलात आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवायला सांगितलंत. एका जागी कापसाचे तंतू अडकले. बोटाला लागत नव्हतं, डोळ्यांना दिसत नव्हतं, पण कापसाने धरलं. नखाएवढं काळं टोक चिमट्याने ओढून काढलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सायकल विकत घेताना झाला नव्हता. खानदेशात कापसाला काय तोटा, माझ्या सीटखालच्या पिशवीत आता कायम एक बोळा असतो. हवाही मी अंगठ्याने दाबून पाहायचं सोडलं. माझ्या ६२ किलोला पुढे ६५ पीएसआय, मागे ७०, हे तुम्ही ठरवून दिलेलं, पंपाच्या काट्यावर बघून.

एप्रिलमध्ये पहाटे साडेपाचला लळिंगचा घाट चढले. ३४ वर ३२, ट्रक घरघरत शेजारून जात होते, पाय गोल फिरत होता आणि मी पाय टेकला नाही. वर पोचल्यावर तुम्हाला फोन केला, तुम्ही विचारलंत, "करंगळी?" करंगळी शाबूत होती. परवा शिरपूरला जाऊन आले, शंभरावर किलोमीटर. सावळद्याच्या पुलावर तापी दुथडी वाहत होती, तिथे थांबून केळं खाल्लं. पन्नाशीनंतर स्टीलच्या फ्रेमवर तुम्ही २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केलीत, त्याची गोष्ट काकूंकडून कळली, तुमच्याकडून नाही. पुढच्या वर्षी मला ती करायची आहे, आणि निघताना तुम्ही शेजारी हवे आहात.

मजुरी म्हणून तुम्ही काही घेतलं नाहीत. आउट काढायचे नाही, चेन बसवायचे नाही, जळगाव-नाशिकचं तिकीटसुद्धा स्वतःचं स्वतः काढलंत. काकूंना मी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन येते म्हटलं तर त्या म्हणाल्या, ये, पण आभाराचं बोलू नको, हे उठून जातात. तर बापू, येते तेव्हा बोलणार नाही. इथे लिहिलं ते पुरे.

एक राहिलंच. तुमची ती १२ इंची पट्टी माझ्याकडे आहे. आमच्या शाळेतल्या एका मॅडमना सायकल घ्यायची आहे, त्यांच्या पायाचं माप मी काल आमच्या भिंतीवर घेतलं, ७०. शनिवारी त्यांच्याबरोबर दोंडाईच्याला एक जुनी बघायला जायचं आहे. तोवर पट्टी ठेवते. रविवारी सकाळी आणून देईन.

तुमची,
देवपूरच्या शाळेतली ताई